तेलातली गोळी

ग्दिनिया, पहाटेचे सहा.
बाप गोदीतून परतायच्या आत
बोग्नाने त्याच्या डोकेदुखीच्या
चार गोळ्या पळवल्या.

गरम पाण्यात: फस्सकन, संपलीसुद्धा.
रात्रभर खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्यात
रेंगाळली, कुरकुरत,
शाळेला निघालेल्या तिच्यासारखीच.
दुधात फेस दाटून आला, काठावरून
टेबलावर, गृहपाठाच्या वहीवर.

सूर्यफुलाच्या तेलात मात्र
तळाशी नुसती बसून राहिली,
गोल, कोरडी, वरची अक्षरं शाबूत.

"मेली का ही?"
दारातून बाप, बूट न काढताच:
"नाही गं. पाणी भेटलं नाही तिला."

मग त्याने नळाखाली बोट धरलं,
एक थेंब तेलात सोडला.
थेंब सावकाश खाली चाललाय.
दोघं वाकून बघतायत.

तिची बस केव्हाच गेली.