वजनकाटा

केटरिंगमध्ये पारा चौतीसवर गेला त्या आठवड्यात
माझ्या पिटुनियांनी माना टाकल्या.
एकदम नाही. आधी पांढरी, मग जांभळी,
मग कुंपणाजवळची ती, जिचा रंग
पाकिटावर एक होता, उमलल्यावर दुसराच निघाला.

मी औषधांच्या दुकानात काम करते.
लक्षण सांगा, मात्रा सांगते.
पानं मलूल? पाणी. दिवसातून दोनदा, न्याहारीनंतर आणि रात्री.
नळीला बंदी, म्हणून झारीने,
ओटा ते अंगण अकरा खेपा,
चपलेचा ओला ठसा वाळायच्या आत पुढची.
ओतलं की पाणी लगेच बशीत उतरायचं.
बशी भरली म्हणजे पोट भरलं
असं मी धरून चालले.

कुंपणापलीकडून ग्लेनिस म्हणाली, बुडवतेयस तू त्यांना.
म्हणून एक दिवस दिलं नाही.
दुसऱ्या दिवशी दोन कुंड्या आडव्या.
मग खत. मग मुलाची डायनासोरवाली छत्री
काठीला बांधून. मग पानं उलटी करून
भिंगातून मावा शोधला.
सापडला एक कोळी. त्याची तब्येत उत्तम.

फ्यूशिया तर नाटकीच.
दुपारी दोनला मूर्च्छा,
सातला सावली आली की ताठ,
जसं काही झालंच नव्हतं.
हिच्या पायी मी एकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

नाना हे सगळं खुर्चीतून बघत होते.
माझे सासरे. एप्रिलमध्ये आले, सहा महिन्यांसाठी,
चार स्वेटर आणि नुसते जाडेभरडे सदरे घेऊन,
विलायत म्हणजे थंडी, या हिशोबाने.
बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर.
गाडी काट्यावर चढायच्या आधीच
चाकाच्या आवाजावरून उसाचा भार सांगायचे,
असं त्यांचा मुलगा सांगतो. ते स्वतः काही सांगत नाहीत.
मी विचारते, बरं आहे ना? हो.
जेवण आवडलं? हो.
करमतंय? हो.

शनिवारी ते उठले.
मी पाणी घालून पाच मिनिटंही झाली नव्हती.
बाह्या दुमडून पांढरीची कुंडी एका हाताने उचलली,
जराशी खाली-वर केली,
आणि पावती फाडून द्यावी तसं म्हणाले,
ही रिकामी आहे.

रिकामी कशी? बशीत पाणी होतं.
त्यांनी रोप बुंध्याशी धरून उपसलं.
मातीचा गड्डा, कुंडीच्याच आकाराचा,
बाहेरून ओला. नखाने मध्ये उकरला
तर आत नुसती तपकीर.
माती आक्रसून कडेपासून सुटली होती,
आणि माझ्या अकरा खेपा त्या फटीतून,
भिंतीला धरून,
मुळांना न भेटताच खाली गेल्या होत्या.

बादली भरली. कुंडी तिच्यात गळ्यापर्यंत.
बुडबुडे आले, आधी भराभर,
मग एकेक, मग कितीतरी वेळ काहीच नाही,
आणि अचानक एक मोठा.
मी उचलायला गेले, नानांनी हात आडवा केला.
थांब. पितेय अजून.

बसलो बादलीशेजारी. अर्धा तास असेल.
काही विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.
फ्यूशिया मूर्च्छेत होती.
तिची कुंडी त्यांनी पायानेच जरा हलवून पाहिली.
हिला काही देऊ नकोस. भरलेली आहे. ऊन सोसत नाही, एवढंच.
मग तिच्याकडेच बघत,
काट्याच्या खोलीला एक खिडकी होती, म्हणाले,
पश्चिमेची. दुपारी गज धरवायचा नाही.
तिथे मी सदाफुली लावली होती. तेलाच्या डब्यात.

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.
कुठल्या रंगाची, मी विचारलं.

या वेळी उत्तर लगेच आलं नाही.
बादलीत एक बुडबुडा फुटला, मग आणखी एक.
पांढरी, म्हणाले. मधे लाल ठिपका.
आणि मग, सदऱ्याची कॉलर मानेपासून सोडवत,
पातळ सदरा कुठे मिळतो गं इथे?