झग्याचं माप

कापड पार्सलनं आलं, सोबत छापील सूचना:
बटणं तेहतीस, पाइपिंग जांभळं, बाही मनगटाशी थांबावी.
रुफीनबायनं चष्मा पुसला, सूचना मशीनखाली सरकवली
आणि मला म्हणाली, वही काढ.
मापं मीच लिहितो. तिचा एक आणि नऊ सारखेच दिसतात.

शिलू आला तेव्हा दुपारचे तीन.
शिलू म्हणजे आता महागुरू सिल्वेस्तर,
पण चरईतल्या आमच्या दाराची उंची तीच.
तो वाकायला विसरला, कपाळ चौकटीला लागलं,
आणि रुफीनबाय हसली,
तो सात वर्षांचा असताना वेदीपुढं
झग्यात पाय अडकून पडला तेव्हा हसली होती तशी.

खांदा साडेसतरा. छाती एकोणचाळीस.
'कंचं गाव दिलं रं तुला?'
त्यानं नाव सांगितलं. तिला उच्चारता आलं नाही,
मलाही नाही. वहीत नावाच्या जागी मी नुसती रेघ ओढली.

मग तो सांगत गेला, हात आडवे धरून,
क्रूसावर धरावेत तसे नव्हे, शिंप्यापुढं धरतात तसे:
वाळवंटात एक झरा होता. झऱ्यापाशी खजूर,
खजुराखाली उंट, उंटांमागं हिशोब ठेवणारी माणसं.
मीठ तिकडून यायचं, तेल इकडून जायचं.
पाण्याची पाळी मोजायला तांब्याचं भांडं, बुडाला भोक,
ते हौदात बुडेस्तोवर पाणी तुझं,
बुडालं की शेजाऱ्याचं.
जुन्या देवीचेच खांब घेऊन
आपल्या लोकांनी तिथं देऊळ बांधलं.
एक बिशप होता. लांबच्या कुठल्या सभेला गेला,
सही केली, खालून तिसरी, शाई फुटलेली.
त्याच्याबद्दल एवढंच मिळतं.
पुढं झरा सरकला. किंवा वाळू सरकली.
कुणी लिहून ठेवलं नाही,
लिहिणारेच आधी निघाले असतील.

'आनि आता मानसा किती हान?'
'एक पन नाय गो, बाय.'
'मंग तुला कशाला धाडतान?'
'धाडत नाहीत. नुसतं नाव देतात,' तो म्हणाला,
एकदम पुस्तकी बोलीत.
'बिशप म्हटला की गाव लागतंच,
आणि जिवंत गावं वाटून झालीत.'

कंबर चाळीस. टेप तिच्या हातातून सुटला.
खिडकीतून मला भोकरतळं दिसलं,
म्हणजे तळ्याच्या जागची इमारत, बावीस मजले,
कमानीवर सोनेरी अक्षरांत लेक व्ह्यू.
शिलू इथंच पोहायला शिकला, म्हशीचं शेपूट धरून.
आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या
याच पाण्यात बुचकळून देवळात न्यायचे.
चौदा महिने ट्रक आले, रात्रीच यायचे,
राडारोडा ओतून दिवे न लावता जायचे.
सकाळी बगळे येऊन विटांवर उभे.

रुफीनबायनं तोंडातल्या टाचण्या काढल्या,
एकेक करून उशीत खोचल्या.
'आपले तल्याला कोन बिशप रं, शिलू?'
तो हसला. मग हसू तसंच राहिलं तोंडावर,
इस्त्री करताना राहून गेलेल्या चुणीसारखं.
हात अजून आडवेच होते. खाली घे म्हणून
सांगायला आम्ही दोघंही विसरलो.

काजं तिनं हातानं केली, रात्री, तेहतीस.
खालच्या दुमडीत घालायला पेटीतून
आजाच्या जाळ्याची शिशाची मणी काढली,
चार, दातांच्या खुणा असलेली.
घेर नीट पडाया वजन लागतं, म्हणाली,
आनि तथं वारा असंल.
तिथं तो जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं.
शिलाई तिनं पूर्ण घेतली. सुटे तीस रुपये
मला कोपऱ्यावर जाऊन आणावे लागले.

दीक्षेच्या दिवशी देवळात ऊद, फुलं,
मुंबईहून आलेल्या गाड्या, खुर्च्यांना पांढरी अभ्रे.
तो वेदीची पायरी चढला,
घेर दगडाला लागला, टक्.
रुफीनबाय जपमाळ ओढत होती.
तिनं मान वर केली नाही.