डावा कान

निवृत्ती तांबट, पेंटर, नाशिक.
सही एवढीच, भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात,
आणि तीही पैसे मिळाले तरच.

घरात पिढ्यांची हातोडी. हंडे, घंगाळी, ठोक्यावर ठोका.
हा घडत्या हंड्यावर कोळशाने मोर काढायचा.
बापाने चिंच लावून घासला.
मोर तांबट आळीबाहेर पडला तो पडलाच.

मी कॅरिअरवर, मांडीवर रंगांचे डबे.
दिंडोरी, वणी, कळवण, पुढे सुरगाण्याचा चढ.
तिथे मी उतरून मागून ढकलायचो
आणि तो सीटवरून सांगायचा,
"जांभळा नीट बघ. डोंगर लांबून कधी हिरवा नसतो."

शाळेच्या भिंतीवर वाघ, ससा, मुळाक्षरं.
एकदा ज्ञ ला जागाच उरली नाही.
गुरुजी म्हणाले, राहू द्या,
ज्ञ पर्यंत पोरं टिकत नाहीत.
त्याने तो दारावर आतल्या बाजूने लिहिला,
बाहेर पडणाऱ्याला दिसेल असा.

पावसाळ्यात नाशकात. रविवार कारंजामागच्या छापखान्यात
मुलांच्या मासिकाला चित्रं: माणसाला सात रुपये,
राक्षसाला दहा, कारण राक्षसाला केस फार.
गोदेला पूर आला, तळघरातले ब्लॉक गाळात गेले.
दोन दिवस धूत बसला.
एक राजकन्या मिळाली, नाकाविना.

खरी कमाई मेलेल्यांची.
फोटो नसायचा. बाई उंबऱ्यात बसून सांगायची, तो काढायचा.
"नाक?" "धाकट्यासारखं."
"कपाळ?" "कपाळ कुठलं, टोपीच असायची."
"कान?"
इथे सगळ्याच थांबायच्या.
तो म्हणायचा, असू दे, कान आहे माझ्याकडे.

रहाडी उघडायच्या आदल्या दिवशी गेला.
घरात फोटो निघाला नाही.
वहिनी म्हणाल्या, तूच काढ.
बारा दिवस कागद कोरा.

मग सायकल काढली. पेठ, हरसूल, सुरगाणा.
कुडाच्या भिंतींवर ते सगळे,
हार सुकलेले, अनोळखी पुरुष,
आणि प्रत्येकाला तोच डावा कान:
वरून किंचित दुमडलेला,
पाळीला लहानपणी टोचलेलं, बुजलेलं भोक.

कान उतरवून घेतला.
तिथून गाल सापडला, जबडा,
विडी धरायचा ओठांचा कोपरा.
डोळे अजून जमत नाहीत.
वहिनींनी तसाच लावलाय, हंड्यांच्या रांगेवर.

सही केली नाही.
पैसे कुठे घेतलेत.