टिक गं बाई

हळद मार्केटात एकोणतीस वर्षं काट्यावर होतो.
पोतं ठेवलं की आकडा बोलायचा,
मी नुसता लिहून घ्यायचो.

इलाही मुल्लाची गाडी हळद घेऊन कोचीला जायची.
एका खेपेला परतताना
क्लीनरच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली,
काडी एक. पानं बारा.
टोलच्या पावतीमागं त्याच्या अक्षरात नाव: जाबुटिकाबा.
"ब्राझीलचं हाय. खोडालाच द्राक्षं लागत्यात म्हणं."

शेजारी बाबगोंडा,
तासगाव रस्त्याला चार एकर सोनाका,
कुंपणावर कोपरं टेकून हसला:
"मग मांडव घालून आम्ही येडेच की."

त्रिशलाला नाव जमेना.
जांबूटीक, जाबूटिका, शेवटी टिकाबाई.
पाणी घालताना म्हणायची,
टिक गं बाई.

आमची माती काळी, चुनखडीची.
पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या.
हिराकस घातलं, आंबट ताक घातलं,
आंबोलीहून तांबडी माती मागवली, दोन पोती.
वजन केलं. सवय.
एकशे चार किलो.
वर्षात चार बोटं वाढली बाई,
आणि पलीकडं ऊस
माणूस बुडवून वर गेलेला.

मग पुराचं साल.
आम्ही मिरजेला मेव्हण्याकडं, ती कृष्णेखाली.
परत आलो तर फ्रीज जिन्यात आडवा,
कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ,
तिच्या शेंड्याहून हातभर वर.
फांदीत कुणाच्या तरी शाळेचा टाय.
त्रिशला फडकं भिजवून
एकेक पान पुसत बसली.
घरात गुडघाभर गाळ, आणि तू पानं पुसतेस?
मी ओरडलो.
"घर कुठं पळून जातंय," ती म्हणाली.
त्या दिवशी आम्ही पुढं बोललो नाही.

नवव्या वर्षी शेंडा रेघेच्या वर आला.
त्याच फेब्रुवारीत खोडावर पांढरं, कापसासारखं.
बुरशी म्हणून मी बोर्डो कालवायला घेतलं,
चुना निम्मा विरघळलेला,
तेवढ्यात त्रिशलानं नाक लावलं खोडाला.
"थांबा. वास येतोय."

हिरवे मणी, मग जांभळे, मग काळे.
बुलबुलांनी नेले, मुंग्यांनी नेले,
उरले नऊ.
सात तोडले. एक्कावन्न ग्रॅम.
त्रिशलानं एका वाटीत ठेवले, उगाच झाकलेही.

तोडलं की तिसऱ्या दिवशी आंबतं हे फळ.
याला पेटी नाही, अडत नाही, सौदा नाही.
जन्म बाजारात काढला
आणि दारात हे आलं, ज्याचा भाव कुणाला ठाऊक नाही.

दोन खोडावरच ठेवले होते.
फोन केला. "हुबळी सोडली," इलाही म्हणाला,
"रात्री येतो."
पुरात त्याची स्वतःची गाडी गेली,
आता दुसऱ्याची चालवतो.

आला तेव्हा साडेआठ.
दिवस बुडाल्यावर आम्ही खात नाही, त्याला माहीत.
मोबाईलच्या उजेडात त्यानं एकट्यानं तोडलं,
तोंडात टाकलं, आणि मी त्याचं तोंड बघत राहिलो
काट्याकडं बघावं तसं.
"द्राक्षच की ओ."
मग, "नाय. थांबा."
मग बराच वेळ काहीच नाही.
बी तळहातावर काढून म्हणाला,
"हे लावू कुठं? माझं घर रेघेच्या खालीच."
"गच्चीवर," त्रिशला म्हणाली. "बादलीत."
त्यानं बी टोलच्या पावतीत बांधलं,
नवी पावती, कालची तारीख.

सकाळी ऊन खोडावर आल्यावर
मी माझं तोडलं.
बाबगोंडा कुंपणावर होताच, कोपरं टेकून.
दातानं अर्धं केलं, त्याला दिलं, बीसकट.
तो चावत राहिला. एक शब्द नाही.
बी मात्र थुंकलं नाही त्यानं.
शर्टाच्या खिशात टाकलं
आणि बागेकडं निघाला.