रात्रपाळी, ईरी

सात अर्ज. सहांची फी भरली,
सातवी माफ झाली, मिळकतीचा दाखला जोडल्यावर.
सत्तर गुणिले सहा, म्हणजे
गाडीचे मागचे दोन टायर, जे मी अजून घेतलेले नाहीत.
म्हणून मोटेलवर येते ती सरोवराकाठून नाही,
वरच्या रस्त्यानं, हळू,
मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या मागे मागे.

डिसेंबरात त्यांनी विचारलं होतं:
तुम्हाला का लिहायचंय? पाचशे शब्दांत.
रेल्वे इंजिनं जोडणाऱ्या बापाबद्दल लिहिलं.
खोडलं. बापाबद्दल सगळेच लिहीत असणार.
मग मावशीबद्दल. मग पुन्हा बापाबद्दल.
शेवटी लिहिलं: रात्री अकरा ते सकाळी सात
लोक माझ्यासमोर उभे राहून आपली नावं सांगतात,
आणि काही जण अडखळतात, स्वतःच्याच नावावर.
त्या अडखळण्याचं काय करायचं
ते मला शिकायचंय.
चारशे अठ्ठ्याण्णव झाले. दोन उरले.

प्रुइट सरांनी शिफारसपत्र दिलं.
झटका येऊन गेल्यापासून उजवा हात मांडीवरच असतो,
डाव्याच्या एका बोटानं टाइप केलं, तीन आठवडे.
वाचायचा हक्क मी सोडते, अशी सही करावी लागली.
माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलेलं एकमेव पत्र,
आणि ते उघडणार परके.

फेब्रुवारी निम्मा गेला. पोर्टल ताकास तूर लागू देत नाही.
विचाराधीन. विचाराधीन.
देव पाण्यात घालून बसावं
तशी मी फोन पालथा घालून बसते.
मंगळवारी वाजला, अनोळखी नंबर.
काउंटर सोडून बर्फाच्या मशीनमागे पळाले.
तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आलीय, बाई म्हणाली.
मी तिचे आभार मानले. का, कोण जाणे.

पाचला दिलमाया येते, चादरींची गाडी ढकलत.
नेपाळातल्या छावणीत अठरा वर्षं काढलेली.
आलं का? ती विचारते.
नाही.
आमची फाइल सहा वर्षं कुणाच्या तरी टेबलावर होती, ती म्हणते.
तेवढ्यात सासूनं पेरूची दोन झाडं वाढवली.
पेरू खाल्ले?
खाल्ले ना. आमच्यानंतर आले त्यांनी.
हसते, आणि एकशे चौदाचं दार ठोठावते.

काल रात्री सरोवरावरून बर्फ आला, महामार्ग बंद झाला.
चौदा जणांना मी सांगितलं, जागा नाही.
नन्नाचा पाढा म्हणायचीही एक चाल असते:
आधी खांदे पाडायचे, मग आवाज,
मग "कुणी रद्द केलं तर" म्हणत यादी पुढे ओढायची.
पंधरावा आला त्याच्या खांद्यावर पोरगा होता,
एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.
नाव लिहिलं: अन्सेल्मो कीरोगा. अडखळला नाही.
कितवा नंबर?
पहिला, मी म्हटलं.
सगळ्यांना तेच सांगितलं होतं.
मग सोफ्यावरची वर्तमानपत्रं उचलली.
बसा इथे.

पावणेसहाला मेल आला, आयोवा नाही, दुसरंच कुठलंतरी,
ज्याचं नाव मी यादीत सगळ्यात खाली लिहिलं होतं.
तुमचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. आम्ही क्रमांक देत नाही.
तळ्यात की मळ्यात,
एवढं तरी सांगा ना.
तीनदा वाचला. त्या टेबलामागे कोण बसत असेल,
त्याचेही खांदे पडत असतील का,
की त्याचा कप माझ्या नावावरच ठेवलेला असेल?

तेवढ्यात दोनशे नऊ रिकामी झाली.
नांगराच्या गाडीवरचा माणूस, किल्ली ठेवून गेला.
मी ती घेऊन सोफ्याकडे गेले.
पोरगा बापाच्या कोटात तोंड खुपसून घोरत होता.
कीरोगानं किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि तोंडावर बोट ठेवलं.
आत्ताच लागलाय डोळा, पुटपुटला.
राहू दे थोडा वेळ.