शेऱ्याचा रकाना

चिमणबागेच्या मैदानात सकाळी सव्वासहाला
चुन्याच्या रेषा अजून ओल्या.
पुण्याहून आलेल्या निवड समितीनं माझ्या हातात
एक चेंडू दिला, दोन्ही टोकांना निमुळता;
आपटला तर कुठे उडेल
ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही.
"अमेरिकन फुटबॉल. पण पाय फारसा लागत नाही."
एकतीस वर्षं मी खो-खो शिकवला.
म्हटलं, असू दे. नावावर कशाला जायचं.

शिट्टी दिली, घड्याळ दिलं, आणि एक तक्ता:
उंची, वजन, चाळीस यार्ड, उभी उडी, लांब उडी.
शेवटी शेरा.
रकाना एवढासा, की "ठीक" मावावं,
फार तर "बरी".

भैरवी पवार देवासहून पहाटेच्या बसनं आलेली.
पोटऱ्या पिळून ठेवलेल्या दोरासारख्या.
पाच पूर्णांक एक.
घड्याळ पुन्हा शून्यावर आणताना
अंगठा थरथरला माझा, खोटं कशाला सांगू.
समितीतले दोघं तिच्याकडे बघेनातच,
बाजारात म्हैस पसंत पडली
की माणसं भलतीकडे बघतात, तसे.

मग अर्शी मन्सूरी. सियागंजातली.
बापाच्या टपरीवरून सहा ग्लासांची जाळी घेऊन
हमालांच्या पाठींमधून दिवसभर ये-जा.
पाच पूर्णांक आठ. उडी बेताची.
मीच लिहिलं ते, माझ्याच अक्षरात.

शेवटी सात-सात जणींचा सामना लावला.
कमरेची पट्टी ओढली की धावणारी बाद.
चेंडू सुटला, जमिनीवर टेकला, तिरका उसळला,
बारा-तेरा मुली तो जिथे होता तिथे धावल्या.
अर्शी चालत गेली.
हो, चालत. उलट्या बाजूला, चार पावलं.
आणि तो तिच्या पोटाशी येऊन विसावला
रात्री घरी परतलेल्या मांजरासारखा.

मग भैरवी सुटली डावीकडून, वाऱ्याला मागे टाकत.
तिघी नुसत्या पडल्या.
अर्शी तिथे आधीच उभी, दोन बोटं पुढे,
जणू पट्टी तिच्याकडे ठेवायला दिली होती कुणी.

विचारलं, "कैसे पता चला?"
ग्लास पुसावा तसे हात कुर्त्याला पुसत म्हणाली,
"पता नहीं, मॅडम. चल गया."

जागा एकच होती.
"वेग शिकवता येत नाही," समिती म्हणाली,
"बाकीचं आम्ही शिकवू."
मला नेमकं उलटं म्हणायचं होतं.
पण गुडघे गेले की सगळेच
उपजत समजेचे वकील होतात;
माझी साक्ष कोण धरणार?
आणि भैरवी तरी फुकट का धावली होती?
पहाटे साडेतीनची बस. डब्यात दोन पोळ्या, गूळ.
निवड झाली तिची. बरोबरच झालं असेल.

मी शेऱ्यात लिहिलं: "आधी".
दोन दिवसांनी फोन. "आधी कुठे खेळलीय ही?"
म्हटलं, कुठे नाही. आधी पोचते.
तिकडे नुसती खरखर.

रात्री झोप लागेना.
आमच्या खेळात खो मिळायच्या आधी उठलं
की फाऊल.
एकतीस वर्षं त्यावर शिट्टी वाजवली मी.
एक पोरगी होती, बोरकरांची सुमेधा,
दर सामन्यात अर्धा श्वास आधी उठायची.
"घाई नडते तुला," म्हणत
सहा महिने बसवून ठेवलं तिला.
मग ती यायचीच थांबली.

घाई नव्हती बहुतेक.

चेंडू समिती विसरून गेली. माझ्या कपाटात आहे.
रोज संध्याकाळी गच्चीवर टाकते,
टेकायच्या आत दिशा बोलते मोठ्यानं.
खालचे कानडे वर बघतात.
काल दहातून तीनदा बरोबर आलं.