प्रश्न सातवा

रात्री अकरानंतर डेटा स्वस्त होतो.
तेव्हा मी फोन खिडकीच्या गजाला बांधते
बँडेजच्या पट्टीने,
कारण मोखोत्लाँगच्या या दवाखान्यात
सिग्नल फक्त तिथेच येतो, तोही
डोंगरापलीकडच्या टॉवरची मर्जी असली तर.
आणि मी, दोन ब्लँकेटं पांघरून,
स्टुलावर उभी राहून
मानसोपचार शिकते.

भाग तिसरा : नैराश्य.
पडद्यावरच्या खोलीत सोफा आहे, दिवा आहे,
टिश्यूचा डबा रुग्णाच्या हाताला येईल असा.
रुग्ण नट आहे, हे खाली लिहिलंय.
रडतो मात्र बरा.
डॉक्टरीणबाई पुढे झुकतात, म्हणतात,
"पूर्वी ज्यात मन रमायचं, त्यात अजून रमतं का?"
मी वहीत उतरवून घेते
आणि पेन्सिल चावत राहते :
हे सेसोथोत कसं विचारू?
शेवटी लिहिते, लेसिबा फुंकतोस का अजून?

मग तो नट म्हणाला, "मला वाटतं, मी..."
आणि चित्र थांबलं.
गोल गोल फिरणारं ते चाक,
त्याच्यामागे बाईंचा चेहरा,
भुवया जराशा वर, ओठ मिटलेले,
घाई कसलीच नाही.
मिनिट गेलं. दोन गेली.
बाहेर कुणाचं तरी घोडं फुरफुरलं.
मला वाटलं, हाच धडा.
किती थांबतात बाई!
घड्याळ बघून वहीत टिपलं :
चार मिनिटं. मध्ये बोलायचं नाही.

गुरुवारी त्लाली आला.
मेंढपाळ, एकोणीस-वीसचा.
आणलं मावशीने, सगळं सांगितलं तिनेच,
"विचार फार करतो हा," म्हणाली
आणि बाहेर घोड्यापाशी जाऊन उभी राहिली.
माझ्याकडे सोफा नाही. प्लास्टिकची खुर्ची,
शेजारी बाळांचं वजन करायचा काटा,
भिंतीवर गोवराचं पोस्टर.
विचारलं, लेसिबा फुंकतोस का अजून?
त्याने ब्लँकेटची पिन उघडली. लावली.
उघडली.

मी भुवया जराशा वर केल्या.
ओठ मिटले.
पहिल्या मिनिटाला लाज वाटली,
दुसऱ्याला बाहेरची रांग आठवली, लसींची पेटी,
तिसऱ्याला काहीच आठवलं नाही.
पत्र्यावरून बर्फाचा एक थर घसरला, धप्प.

"संध्याकाळी मोजतो," तो म्हणाला,
"रोज एक कमी भरतो.
मेंढ्या एकेचाळीस. एकेचाळीसच आहेत.
तरी एक कमी भरतो."

मग वेल्कमची बंद खाण आली,
जमिनीतलं चोरवाटेचं तोंड, दोर,
उतरलेला थोरला भाऊ,
आणि वर आलेले बाकीचे सात.
मी काही टिपून घेतलं नाही.
ऊन भिंतीवरून उतरून गेलं
तरी मावशीचं घोडं उभंच होतं.

शनिवारी नेटवर्क धड होतं.
तोच भाग पुन्हा लावला.
"मला वाटतं, मी..." म्हणतो तो नट
आणि बाई लगेच, श्वासही न घेता,
"झोप कशी आहे?"
मागे नेऊन तीनदा पाहिलं.

परीक्षेत प्रश्न सातवा : रुग्ण गप्प आहे.
तुम्ही काय कराल?
मी 'क' निवडला. थांबेन.
लाल फुली.
तरी पास झाले, ऐंशी टक्के.
प्रमाणपत्रावर माझं नाव माखाऊहेलो.
खरं ते म्माखाऊहेलो,
करुणेची आई; पहिल्या लेकीवरून सासरने ठेवलेलं.
पुढचा अर्धा म फॉर्मने खाल्ला.
तसंच छापून घेतलं, गोवराशेजारी चिकटवलं.

त्लाली दर पंधरवड्याला येतो.
झोपेचंही विचारते आता; बाईंचं अगदीच चूक नव्हतं.
गोळ्या मोजून देते, चौदा.
तो माझ्यासमोर पुन्हा मोजतो,
बोटाने एकेक सरकवत.
अकरावर अडतो.
मी घड्याळाकडे बघत नाही.